१४२८५७ : एका संख्येचा गुणधर्म आणि कापरेकर

पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून १९२९ साली पदवी घेतलेल्या द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी देवळाली येथे शालेय अध्यापन करीत संख्यांचा अभ्यास केला. १४२८५७ या संख्येचा वर्ग २०४०८१२२४४९ होय. त्याचे २०४०८ व १२२४४९ असे भाग पाडून बेरीज केल्यास मूळ संख्याच मिळते. अशा संख्यांना 'कापरेकर संख्या' म्हणतात. अनेक भारतीय गणितज्ञांनी हे कार्य क्षुल्लक लेखले. वस्तुतः हा योगायोग नव्हे. १४२८५७ ची सातपट ९९९९९९, तर २०४०८ ची सातपट १४२८५६ आहे. त्यामुळे वर्गातून मूळ संख्या वजा केल्यास बाकी नेमकी २०४०८ गुणिले ९९९९९९ येते. १९७५ मध्ये मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये लिहिल्यानंतर कापरेकरांना जागतिक मान्यता लाभली. संशोधनाचे मूल्य संशोधकाच्या पदावरून ठरवू नये, हाच याचा निष्कर्ष होय.