अवटुग्रंथीचे औषध आणि बालकाचे हृदय

अवटुग्रंथीच्या न्यूनतेने खुरटलेल्या बालकांवरील उपचारांचा इतिहास बहुधा उंची व बुद्धी यांच्या वाढीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. हृदयाचा भाग मागे पडतो. इ. स. १८९१ मध्ये जॉर्ज मरे याने न्यूकॅसल येथे मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका स्त्रीरुग्णास टोचला. पुढच्याच वर्षी ही ग्रंथी पोटात दिल्यानेही गुण येतो असे आढळले व बालकांवरील उपचार सुकर झाला. तथापि ग्रंथीगणिक औषधाची शक्ती कमीअधिक असे. अशा वेळी नाडी हीच वैद्याची मार्गदर्शक: मंद नाडीस वेग येणे हे सुचिन्ह, तो अतोनात वाढणे हा इशारा.

१९१८ मध्ये हेर्मान त्सोंडेक याने या विकारातील विस्तारलेल्या, मंदगती हृदयाचे वर्णन केले आणि उपचारानंतर ते आकुंचित होते, हे दाखविले. १९२७ मध्ये हॅरिंग्टन व बार्जर यांनी थायरॉक्सिन प्रयोगशाळेत सिद्ध केले. कालांतराने निश्चित मात्रा देणे शक्य झाले. १९७४ पासून क्वेबेक प्रांतात नवजातांची रक्तपरीक्षा होऊ लागली, आणि लक्षणे उमटण्यापूर्वीच उपचारास प्रारंभ होऊ लागला.

आता मात्रा रक्तातील संप्रेरकांच्या प्रमाणावरून ठरते. परंतु मूळ पेच तोच आहे: ज्या द्रव्याने बालकाचे हृदय सावरते, त्याच्याच अतिरेकाने ते शिणते.