कुलूपबंद फोनचे तीन हक्क: ताम्रपट, दानपेटी आणि ११२

१.
महाशिवरात्रीला गडचिरोली जिल्ह्यातील मार्कंडा येथे वैनगंगेच्या काठी मोठी जत्रा भरते. नदी येथे उत्तरवाहिनी होते, म्हणून स्नानाचे माहात्म्य. आणि काठावर तो शिल्पसमृद्ध मंदिरसमूह, ज्याचे वर्णन अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी आपल्या १८७३-७४ च्या दौऱ्याच्या अहवालात केले. अशा गर्दीत एखादी वृद्ध यात्रेकरू चक्कर येऊन पडली, अशी कल्पना करा. सोबतची माणसे पुढे निघून गेली आहेत. तिच्या पिशवीत फोन आहे, पण त्याला कुलूप आहे. धावून आलेल्या अनोळखी माणसाला त्या फोनवरून काय करता येईल?

२.
पुष्कळ काही. त्याला ११२ लावता येतो. घरच्यांचा फोन आला तर उचलता येतो. बाईंनी आधी भरून ठेवली असेल तर आपत्कालीन माहिती वाचता येते: रक्तगट, औषधे, नातलगाचा क्रमांक. विजेरी लावता येते, फोटोही काढता येतो. मात्र जुने फोटो, संदेश आणि बँकेचे ॲप त्याला उघडता येत नाही. एकाच वस्तूची काही दारे बंद आणि काही उघडी. ही सीमारेषा कोणी आखली, आणि कशासाठी?

३.
ही रेषा फोनच्या जन्माच्या फार आधीपासून आखली जात आहे. कुलूपबंद वस्तूवर मालकाखेरीज इतरांना तीन प्रकारचे हक्क मिळत आले: पाहण्याचा, टाकण्याचा आणि हाक मारण्याचा. फोनच्या लॉक स्क्रीनवर हे तिन्ही एकत्र आले आहेत. प्रत्येकाचा इतिहास वेगळा आणि प्रत्येकाचा धोकाही वेगळा.

४.
पहिला हक्क पाहण्याचा. त्यासाठी मार्कंड्यापासून फार दूर जावे लागत नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचा एक ताम्रपट चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या वडगाव येथे सापडला. त्याचाच चम्मक येथील प्रसिद्ध ताम्रपट अमरावती जिल्ह्यातला. अशा दानपत्रात तांब्याचे पत्रे एका कडीत ओवत, कडी बंद करत आणि तिला राजमुद्रा जोडत. पहिल्या व शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी ठेवत, म्हणजे घर्षणाने मजकूर झिजत नसे.

५.
या रचनेतील हुशारी कडीत आहे. पत्रे कडीवर पुस्तकाच्या पानांसारखे उलटता येतात, त्यामुळे मुद्रा न मोडता सगळा मजकूर वाचता येतो. पण एखादा पत्रा काढायचा किंवा खोटा घुसवायचा तर कडी कापावीच लागते, आणि कापलेली कडी लपत नाही. म्हणूनच ताम्रपट प्रसिद्ध करताना ‘कडी आधीच कापलेली होती की नाही’ याची नोंद पुराभिलेखतज्ज्ञ आवर्जून करतात. वाचण्याची मोकळीक, बदलण्याची मनाई: आजच्या संगणकाच्या भाषेत ही ‘रीड ओन्ली’ सोय झाली.

६.
पण येथे एक गोष्ट विसरू नये. ताम्रपट वाचला जावा म्हणूनच कोरलेला असे. तो जमिनीच्या हक्काचा पुरावा होता आणि गावाला, अधिकाऱ्यांना तो दाखवावा लागे. फोनमधील मजकूर तसा नसतो. कुलूपबंद पडद्यावर झळकणारा ओटीपी हा जणू चोरासाठी उलटून ठेवलेला पत्रा. ज्याच्या हाती फोन पडला त्याला कुलूप न उघडताच तो वाचता येतो. पाहण्याचा हक्क द्यायचा तर आधी ठरवावे लागते की नेमके काय पाहू द्यायचे. वाकाटकांच्या लेखनिकाला हा प्रश्न पडला नाही. आपल्याला तो रोज पडतो.

७.
दुसरा हक्क टाकण्याचा. देवळातील दानपेटी आणि रस्त्यावरची टपालपेटी यांचे तत्त्व एकच: वरची फट सर्वांसाठी, खालची किल्ली एकाचीच. भाविक पैसे टाकू शकतो, आत किती आहेत ते पाहू शकत नाही आणि टाकलेले परतही घेऊ शकत नाही. फटीची रुंदी आणि तिचा कोन इतका नेमका ठेवावा लागतो की नोट आत जावी, पण बोटे जाऊ नयेत.

८.
कुलूपबंद फोनचा कॅमेरा ही नेमकी दानपेटी आहे. आयफोनमध्ये ही सोय २०११ साली आयओएस ५ बरोबर आली. अँड्रॉइडनेही पुढच्या वर्षीपर्यंत ‘सुरक्षित कॅमेरा’ अशी वेगळी तरतूद केली. कुलूप न उघडता फोटो काढता येतो, तो साठ्यात जमा होतो; पण मागे सरकवून पाहू गेले तर केवळ त्याच वेळी काढलेले फोटो दिसतात. जुना अल्बम बंदच राहतो. अपघात, पूर, भांडण अशा प्रसंगी पुरावा टिपण्यास विलंब होऊ नये, पण कुणाचे खासगी आयुष्यही उघडे पडू नये, असा हा तोल.

९.
तिसरा हक्क हाक मारण्याचा, आणि तोच सर्वांत मोलाचा. मार्कंड्याचे नावच अशा एका हाकेशी जोडलेले आहे: सोळाव्या वर्षी यम न्यायला आला तेव्हा शिवलिंगाला मिठी मारून धावा करणारा मार्कंडेय. टेलिफोनच्या जगात मात्र ही हाक सहजी मोकळी झाली नाही. १० नोव्हेंबर १९३५ रोजी लंडनच्या विंपोल स्ट्रीटवरील एका घराला आग लागून पाच स्त्रिया मृत्युमुखी पडल्या. समोर राहणाऱ्या शेजाऱ्याने अग्निशामक दलासाठी फोन केला, पण एक्स्चेंजच्या रांगेत त्याचा कॉल ताटकळत राहिला. त्याने वृत्तपत्राला पत्र लिहिले, चौकशी झाली आणि ३० जून १९३७ रोजी लंडनमध्ये ९९९ सुरू झाला.

१०.
आकडा ९९९च का? रस्त्यावरच्या सार्वजनिक फोनमध्ये नाणे टाकल्याशिवाय क्रमांक फिरवता येत नसे. अपवाद एकच, ऑपरेटरला बोलावणारा ०. तबकडीत थोडासा बदल केला की ० बरोबर ९ लाही तीच सवलत देता येत होती. शिवाय धुरात वा अंधारात ही जागा चाचपून सापडे. १११ हा आकडा मात्र नाकारला गेला, कारण वाऱ्याने तारा एकमेकींना टेकल्या तरी एक्स्चेंजला ‘१’ फिरवल्यासारखे वाटे. म्हणजे नाण्याच्या कुलपात मुद्दाम एक दार ठेवले गेले, आणि ते चुकून उघडू नये याचीही काळजी घेतली गेली.

११.
भारतात मात्र उलटे घडले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास येथील एक्स्चेंजेस १८८२ साली सुरू झाली. १९६० साली कानपूर ते लखनौ थेट एसटीडी सुरू झाली, पुढे ती पसरली आणि घरातला फोन खर्चिक ठरू लागला. शेजारी, पाहुणे, कार्यालयातील कर्मचारी यांच्या कॉलचे बिल मालकाला भरावे लागे. उपाय म्हणून बाजारात बोटाएवढे कुलूप आले. ते तबकडीच्या भोकात अडकवले की तबकडी पुरती फिरत नसे. अनेकांच्या आजी-आजोबांनी ते वापरलेले आहे.

१२.
हे भारतीय घरांना परिचित झालेले ‘लॉक केलेले’ फोन-यंत्र. येणारा कॉल घेता येई, जाणारा करता येत नसे. इतपत विभागणी व्यवहारी होती. पण ती करताना पोलिसांचा १०० आणि अग्निशामक दलाचा १०१ यांचा विचार कोणी केला नाही. शून्य फिरवायला तबकडी जवळजवळ पूर्ण वळवावी लागते. कुलूप ते होऊ देत नसे. बिल वाचवणारे कुलूप संकटातली हाकही अडवत होते. किल्ली मालकाच्या कंबरेला आणि मालक बाहेरगावी, अशा घरात चोर शिरला तर फोन समोर असूनही निरुपयोगी.

१३.
त्यावर लोकांनी शोधलेली युक्ती तंत्रज्ञानाच्या इतिहासात नोंदवण्याजोगी आहे. तबकडी काय करते? आकड्याइतक्या वेळा तारेतील प्रवाह क्षणभर तोडते. शून्यासाठी दहा वेळा. रिसीव्हर ज्या खटक्यावर ठेवतात तो दाबूनही प्रवाह तुटतोच. तेव्हा खटक्यावर एक ठोका, किंचित थांबून दहा, पुन्हा थांबून दहा: झाले १००. याच युक्तीने फुकट कॉल करणारेही बरेच होते. कुलूप प्रामाणिक माणसाला अडवत होते आणि जाणत्याला अडवत नव्हते. वाईट कुलपाची याहून चांगली व्याख्या सापडणे कठीण.

१४.
इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंजेस आल्यावर कुलूप फोनवरून एक्स्चेंजमध्ये गेले. ग्राहक गुप्त क्रमांक देऊन केवळ एसटीडी बंद करू लागला. स्थानिक कॉल चालूच राहिले. संपूर्ण यंत्र न अडवता एकेक सेवा वेगळी अडवण्याची ही सवय पुढे मोबाइलला उपयोगी पडली. युरोपीय समुदायाने १९९१ साली ११२ हा समान आपत्कालीन क्रमांक ठरवला आणि जीएसएम मानकानेही तो स्वीकारला. त्यामुळे कीपॅडला कुलूप असले तरी ११२ लागावा, ही अपेक्षा मोबाइलच्या रचनेतच आली.

१५.
भारतात या हक्काला नियमाचे रूप दिल्लीतील २०१२ च्या अत्याचारानंतरच्या मंथनातून मिळाले. २०१६ च्या नियमांनी हँडसेटवर ‘पॅनिक बटण’ बंधनकारक केले: १ जानेवारी २०१७ पासून साध्या फोनवर ५ किंवा ९ ची कळ दाबून धरणे, स्मार्टफोनवर आपत्कालीन बटण दाबून धरणे किंवा पॉवरचे बटण झटपट तीनदा दाबणे. २०१८ पासून जीपीएसही बंधनकारक झाले. त्याच वर्षी हिमाचल प्रदेशात ११२ ची एकात्मिक सेवा प्रथम सुरू झाली, पुढे ती महाराष्ट्रातही आली. तबकडीच्या कुलपाने केलेली चूक अशी कायद्याने दुरुस्त झाली.

१६.
पण उघडे ठेवलेले दार चोरालाही दिसते. फेब्रुवारी २०१३ मध्ये आयफोनच्या आयओएस ६.१ मधील दोष उघड झाला: आपत्कालीन कॉल सुरू करून लगेच तोडायचा, पॉवरचे बटण ठरावीक क्रमाने दाबायचे, की संपर्कयादी आणि फोटो हाती. पुढच्याच महिन्यात तो बुजवला गेला. २०१५ मध्ये टेक्सास विद्यापीठातील संशोधकाने अँड्रॉइड ५ मधील दोष दाखवला: आपत्कालीन डायलरमध्ये लांबच लांब मजकूर तयार करून, कॅमेऱ्याच्या वाटेने तो पासवर्डच्या जागी डकवला, की लॉक स्क्रीनच कोसळे. दोन्ही वेळा वाट एकच होती: मदतीसाठी ठेवलेली खिडकी.

१७.
दुसरा धोका चुकून लागलेल्या हाकेचा. जून २०२३ मध्ये ब्रिटनच्या पोलिसांनी तक्रार केली की पॉवरचे बटण पाचदा दाबण्याच्या सोयीमुळे खिशातूनच ९९९ ला मुके कॉल लागत आहेत आणि त्यांची संख्या विक्रमी झाली आहे. वाऱ्याने टेकणाऱ्या तारांमुळे १११ नाकारणाऱ्या १९३०च्या दशकातील अभियंत्यांना ही तक्रार ओळखीची वाटली असती.

१८.
म्हणून आजचा फोन एका तिजोरीऐवजी दोन कप्पे ठेवतो. अँड्रॉइडने २०१६ मध्ये ७ व्या आवृत्तीत ही रचना आणली. एक कप्पा फोन सुरू होताच उघडतो: त्यात गजर, कॉल घेण्याची सोय अशा गोष्टी. दुसरा कप्पा मालकाने पिन दिल्यावरच उघडतो: फोटो, संदेश, संपर्क. फोन बंद करून सुरू केला आणि पिन देण्याआधी कॉल आला, तर नाव न दिसता केवळ क्रमांक दिसतो. कारण नावे दुसऱ्या कप्प्यात असतात. आपत्कालीन माहिती मात्र मालकाने स्वतःहून पहिल्या खिडकीत ठेवायची असते. आयफोनमध्ये ती २०१४ पासून ‘मेडिकल आयडी’ या नावाने आहे, अँड्रॉइडमध्ये २०१६ पासून.

१९.
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात या सोयीला आणखी एक अर्थ आहे. रस्त्यात कुठेतरी रेंज जाते आणि पडद्यावर ‘केवळ आपत्कालीन कॉल’ असे उमटते. याचा अर्थ आपल्या कंपनीचा टॉवर नाही, पण दुसऱ्या कुणाचा तरी आवाक्यात आहे. मानकानुसार आपत्कालीन कॉल त्यावरूनही जाऊ शकतो. ही ओळ पाहून फोन खिशात परत ठेवणारे अनेक असतात. जिथे कोणताच टॉवर नाही तिथे मात्र उत्तम लॉक स्क्रीनही मुकी असते. तिथे प्रश्न कुलपाचा नसून टॉवरचा आहे, आणि तो सोडवणे फोनच्या मालकाच्या हाती नाही.

२०.
मालकाच्या हाती असलेली कामे तीन. पाहण्याचा हक्क आवळा: सूचनांमधील मजकूर कुलूप असताना लपवा, म्हणजे ओटीपी उघड्यावर पडणार नाही. टाकण्याचा हक्क तपासा: कुलूप असताना कॅमेरा उघडून जुने फोटो दिसत नाहीत ना, ते पाहा. हाकेचा हक्क भरा: आपत्कालीन माहितीत रक्तगट, ॲलर्जी आणि एका जवळच्या नातलगाचा क्रमांक लिहा, आधार क्रमांक किंवा घरचा पत्ता लिहू नका. आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवर आधी करा. जत्रेला सर्वांत जास्त तेच जातात, आणि त्यांच्या फोनमधील ही माहिती बहुधा कोरी असते.