बहिःशाल व्याख्यानाची कुळकथा

तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या सभागृहात विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाचे व्याख्यान व्हावे, पुढील रांगेत गावच्या प्रतिष्ठितांनी बसावे आणि आभारप्रदर्शनाने कार्यक्रमाची सांगता व्हावी, ही रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली आहे की तिला काही वंशावळ असेल असे कोणाच्या मनातही येत नाही. वस्तुतः तिचे मूळ उत्तर इंग्लंडातील गिरण्यांच्या शहरांत आहे, आणि तिच्या जनकत्वाचा मान विद्यापीठापेक्षा विद्यापीठाच्या उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या मंडळींकडेच अधिक जातो.

केंब्रिजमधील ट्रिनिटी कॉलेजचे फेलो जेम्स स्टुअर्ट यांस 1867 साली लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर व शेफील्ड येथील शिक्षणेच्छू स्त्रियांनी पाचारण केले, तेव्हा त्यांचे वय अवघे चोवीस होते. मागणी अध्यापनशास्त्रावरील व्याख्यानांची होती. परंतु कसे शिकवावे हे सांगत बसण्यापेक्षा शिकवूनच दाखवावे, अशा विचाराने या गृहस्थांनी खगोलशास्त्र निवडले. तरुण पुरुषाने भर सभेत स्त्रियांना प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उभे राहून उत्तरे द्यावीत, हे तत्कालीन शिष्टाचारास मानवणारे नव्हते. सबब प्रश्न छापून वाटण्याची आणि उत्तरे लेखी मागवून तपासण्याची तजवीज करावी लागली. संकोचापोटी निघालेल्या या तोडग्यानेच पुढे व्याख्यानाचे मुद्रित टिपण आणि साप्ताहिक लेखी अभ्यास या दोन गोष्टी पद्धतीत कायमच्या रुजल्या.

तिसरे अंग मिळाले ते रॉचडेल येथे, ज्या गावच्या 1844 सालच्या सहकारी भांडाराचे नाव आपल्याकडील सहकारी कार्यकर्त्यांस परिचित आहे. त्या सहकारी मंडळींच्या सभागृहात स्टुअर्ट यांनी आपल्या आकृत्या पुढील आठवड्यापर्यंत भिंतीवर तशाच राहू देण्याची विनंती केली. परत येऊन पाहतात तो मधल्या दिवसांत सभासदांनी त्या आकृत्यांपुढे उभे राहून वाद घातलेले, शंका काढलेल्या, आणि व्याख्यात्याने थोडे आधी येऊन त्यांचे निरसन करावे असा निरोप सभागृहाच्या रखवालदाराकरवी ठेवलेला! चर्चेचा स्वतंत्र तास जन्मास आला तो असा.

केंब्रिज विद्यापीठाने स्वतः केले ते एवढेच की 1871 साली स्टुअर्ट यांनी मांडलेल्या योजनेस मंजुरी दिली आणि 1873 च्या शरदात नॉटिंगहॅम, डर्बी व लेस्टर येथे आपले व्याख्याते धाडले. हे ‘एवढेच’ मी कुत्सितपणे म्हणत नाही. जुन्या विद्यापीठाने दोन वर्षांत होकार द्यावा, हे माझ्या मते नवलच. उणीव होती ती द्रव्याची. सरकारी अनुदानाची तरतूद नसल्याने खर्चाचा भार स्थानिक समित्यांवर पडे, त्या फी आकारीत, आणि साहजिकच ज्यांस फुरसत व ऐपत दोन्ही होती त्यांचीच वर्गात गर्दी होई. नॉर्थम्बरलंडच्या खाणकामगारांनी हे वर्ग मोठ्या हौसेने चालविले होते; 1887 च्या संपात पैका आटला आणि वर्गही बंद पडले.

पुढे 1903 साली अल्बर्ट मॅन्सब्रिज यांनी कामगारांची शिक्षणसंघटना उभारली, आणि 1908 च्या जानेवारीत आर. एच. टॉनी हे तिच्या वर्गांना लाँगटन व त्याच रॉचडेल येथे शिकवू लागले. प्रत्येक बैठक दोन तासांची असे, त्यांपैकी एक तास व्याख्यानाचा आणि दुसरा पूर्णतः चर्चेचा. चर्चेचा तास हा शिष्टाचाराचा भाग नसून अभ्यासक्रमाचाच अर्धा हिस्सा होता, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

महाराष्ट्रास श्रवणाची आवड विद्यापीठांनी लावली नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 साली. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले, आणि त्याचे पहिले कुलगुरू बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या नावाची व्याख्यानमाला बहिःशाल मंडळातर्फे गावोगाव चालते. वक्ते व्यासंगी असतात, श्रोते शांत असतात, हे सारे उत्तम. परंतु स्त्रियांच्या लेखी उत्तरांनी आणि रॉचडेलच्या शंकांनी जी पद्धत घडविली, तिच्यातील व्याख्यान तेवढे आपण ठेवले आणि श्रोत्यांचा वाटा अध्यक्षीय समारोपास देऊन टाकला. स्थानिक संयोजकांस माझी विनंती एवढीच, की पुढील व्याख्यानमालेच्या कार्यक्रमपत्रिकेत समारोपाचे भाषण गाळावे आणि तो सबंध वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा.