लघवीच्या पिशवीचं जुनं दुखणं

आजचा विषय कमरेखालचा आहे. पण तो आपल्या शरीराचाच आहे, म्हणून मोकळेपणानं बोलू.

गटाच्या बैठकीत हप्ता, व्याज, शेळ्या, मुलांची शाळा असं सगळं निघतं. लघवीच्या जागेचं दुखणं मात्र निघत नाही. निघालंच तर बैठक संपल्यावर, एकीच्या कानात, "उन्हाळी लागलीय गं," एवढंच. उन्हाळी लागली की आपण धन्याचं पाणी पितो. जंतूंमुळे लागली असेल तर दवाखान्यातल्या गोळ्यांनी ती बरी होते. पण काही बायकांची जळजळ महिनोन्महिने जात नाही. मूत्राशय, म्हणजे लघवी साठणारी पिशवी, भरत आली की ओटीपोटात कळ येते. लघवी झाली की कळ थोडी उतरते, पिशवी भरू लागली की पुन्हा येते. दिवसभर खेपा, रात्रीची झोप नाही. आणि लघवी तपासली तर जंतू सापडत नाहीत.

या दुखण्याला डॉक्टर 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' किंवा 'ब्लॅडर पेन सिंड्रोम' म्हणतात. ते पुरुषांनाही होतं, पण बायकांना जास्त. त्याचा इतिहास आज सांगायचा, कारण बाईचं म्हणणं खरं मानायला किती वर्षं लागली ते त्यात दिसतं.

ही गोष्ट मुख्यतः अमेरिकेतली आहे. १८३६ साली फिलाडेल्फिया शहरातल्या जोसेफ पॅरिश या डॉक्टरांनी अशा रुग्णांविषयी लिहिलं. त्यांना मुतखड्यासारख्या वेदना होत्या, पण खडा नव्हता. १८८७ साली अलेक्झांडर स्कीन यांच्या बायकांच्या आजारांवरच्या पुस्तकात 'इंटरस्टिशियल सिस्टायटिस' हे नाव आलं. पुढे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले स्त्रीरोगतज्ज्ञ गाय हनर यांनी काही बायकांच्या मूत्राशयात दुर्बिणीतून पाहिलं. त्यांना आतल्या अस्तरावर व्रण, म्हणजे जखमा दिसल्या. १९१५ साली त्यांनी ते छापलं. आजही त्या जखमांना हनर यांचंच नाव आहे.

या शोधानं दुखणं डोळ्यांना दिसलं, पण एक अडचणही झाली. पुढची कित्येक वर्षं डॉक्टर ती जखमच शोधत राहिले. जखम तर थोड्याच रुग्णांना असते. मग जिच्या पिशवीत जखम दिसली नाही, तिला काय सांगायचं? "तुम्हाला काही झालेलं नाही." १९४९ साली जॉन हँड या डॉक्टरांनी २२३ रुग्णांचा अहवाल छापला. त्यात २०४ बायका होत्या. एवढ्या बायका एकाच डॉक्टरांच्या अहवालात सापडल्या, तरी हा आजार दुर्मीळच समजला जात राहिला. १९७० नंतरही मूत्ररोगांच्या एका मोठ्या पाठ्यपुस्तकात त्याचं मूळ बाईच्या मनात शोधलेलं होतं. शिकणाऱ्या डॉक्टरांनी तेच वाचलं आणि रुग्णांना तेच ऐकवलं. "तुमच्या मनाचे खेळ आहेत," हे वाक्य आपल्याकडेही कुणाला नवीन नाही.

आता औषधाकडे येऊ. पोटात घेतलेली गोळी रक्तातून सगळ्या अंगभर फिरते. पिशवीच्या आतल्या अस्तरापर्यंत तिचा थोडाच भाग पोहोचतो. म्हणून औषध थेट पिशवीतच सोडायचं, हा विचार जुना आहे. पूर्वी त्यासाठी सिल्व्हर नायट्रेट वापरत. ते फार आग करी.

१९६० नंतर एक वेगळं औषध आलं. लाकडाच्या लगद्यापासून कागद करताना जोडीला मिळणारा एक द्रव आहे, त्याचं नाव डायमिथाइल सल्फॉक्साइड, थोडक्यात डीएमएसओ. ओरेगॉन राज्यातले डॉक्टर स्टॅन्ली जेकब यांनी त्याच्या औषधी गुणांचा अभ्यास केला. १९७८ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या मूत्राशयाच्या दुखण्यासाठी त्याला मान्यता दिली. त्याच वर्षी मेसिंग आणि स्टेमी या दोन डॉक्टरांनी दाखवून दिलं की जखम नसतानाही हा आजार असतो.

हे औषध देतात कसं? लघवीच्या वाटेनं एक बारीक, मऊ नळी आत घालतात. आधी सुन्न करणारी जेली लावता येते. पिशवी रिकामी करून नळीतून ५० मिलिलिटर औषध सोडतात आणि नळी काढतात. पंधरा मिनिटं ते आत धरून ठेवायचं, मग लघवीवाटे सोडून द्यायचं. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी असं करतात. पहिल्या काही वेळा दुखणं थोडं वाढू शकतं. श्वासाला आणि अंगाला लसणासारखा वास येतो, तोही दोन-तीन दिवसांत जातो. पुढे हेपारिन आणि सुन्न करणारं लिडोकेन एकत्र करून देऊ लागले. १९९६ साली कॅनडातल्या डॉक्टरांनी हायलुरोनिक आम्ल वापरून पाहिलं. पिशवीच्या अस्तरावरचा संरक्षक थर झिजला असेल तर त्याला आधार मिळावा, हा त्यामागचा विचार.

दर वेळी दवाखाना गाठणं सोपं नसतं. इथे मिशिगनमधल्या जॅक लॅपिडीस यांचं काम उपयोगी पडलं. ज्यांना आपोआप लघवी होत नाही, त्यांनी हात स्वच्छ धुऊन, स्वच्छ नळी स्वतःच घालावी, हे त्यांनी १९७२ साली मांडलं. त्याआधी हे काम निर्जंतुक पद्धतीनंच व्हायला हवं असं मानत. त्यामुळे नळी रुग्णाच्या हातात आली. आज तिकडे काही बायका शिकून घेऊन पिशवीतलं औषध घरीच घेतात.

उपाय होता, पण आजार मानलाच जात नव्हता. तो मानायला लावला एका रुग्ण बाईनं. विकी रॅटनर वैद्यकीय शिक्षण घेत असताना त्यांना हे दुखणं लागलं. बऱ्याच डॉक्टरांकडे फिरूनही निदान झालं नाही. शेवटी ग्रंथालयात वाचून त्यांनी स्वतःच आजार ओळखला. १९८४ साली त्यांनी या रुग्णांची संघटना उभी केली. त्या दूरचित्रवाणीवर बोलल्या तेव्हा देशभरातून पत्रांचा ढीग आला. प्रत्येकीला वाटत होतं, हे फक्त मलाच होतंय. त्यांच्या पाठपुराव्यानंतर सरकारी संशोधन संस्थेनं आजार ओळखण्याचे निकष ठरवले.

मैत्रिणींनो, या औषधांनी आजार मुळापासून जात नाही आणि प्रत्येकीला सारखा गुणही येत नाही. पण पुष्कळ जणींची कळ कमी होते, रात्रीची झोप मिळते. म्हणून जंतू नसताना पुन्हा पुन्हा जंतूंच्या गोळ्या खात बसू नका. तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता लघवीला गेलात, किती झाली, कळ किती होती, काय खाल्लं-प्यायलं. चहा, आंबट आणि तिखट यांनी काही जणींना जास्त त्रास होतो, तेही वहीत दिसेल. लिहिता येत नसेल तर लेकीला लिहायला सांगा. ती वही घेऊन मूत्ररोगतज्ज्ञाकडे जा. मुतखडा, मूत्राशयाचा क्षयरोग, गाठ नाही ना, हे आधी तपासावंच लागतं. लघवीत रक्त दिसलं किंवा थंडीताप आला तर थांबू नका. आणि नळीतलं औषध डॉक्टरांनी ठरवल्याशिवाय, शिकवल्याशिवाय घरी कधीच करू नका.

गटातली एखादी सारखी उठून जात असेल, प्रवास टाळत असेल, लग्नाला येत नसेल, तर हसू नका. तिला बाजूला घेऊन विचारा, आणि ती जे सांगेल ते खरं माना. दवाखान्यात तिच्यासोबत एकीनं तरी जा.