हवाई अंतर व प्रवासवेळ : चंद्रपूर व गडचिरोली जिल्हे

पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून दोन ठिकाणांना जोडणाऱ्या सर्वांत लहान कंसाची लांबी म्हणजे हवाई अंतर. वैमानिक ते सागरी मैलांत (1 सागरी मैल = 1.852 किमी.) मोजतात. चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत नियमित प्रवासी विमानसेवा नाही. त्यामुळे येथला हवाई प्रवास बहुधा नागपूरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळापासून सुरू होतो.

नागपूर-मुंबई हवाई अंतर सुमारे 680 किमी., नागपूर-दिल्ली सुमारे 850 किमी. ताशी 800 किमी. वेगाने मुंबई तासाभराच्या आत यायला हवी. वेळापत्रकात मात्र सुमारे दीड तास धरतात. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, मुंबईच्या गर्दीत उतरण्याची पाळी येईपर्यंत थांबणे हे सारे त्यात येते. वाऱ्यानेही काही मिनिटांचा फरक पडतो. हिवाळ्यात वरच्या थरांत पश्चिमेचे वारे असतात, म्हणून मुंबईहून नागपूरला येणारे विमान तुलनेने लवकर पोचते; पावसाळ्यात वारे उलटतात.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. चंद्रपूर नागपूरपासून रस्त्याने सुमारे 150 किमी. आहे, तेव्हा सकाळचे विमान गाठायला पहाटे निघाले तरी चालते. गडचिरोली जिल्ह्यातल्या भामरागडकराला ती सोय नाही. तेथून मुंबईचे सरळ अंतर सुमारे 810 किमी. भरते, पण आधी एसटीने आलापल्ली, पुढे गडचिरोली, मग नागपूर असे तीनशे किलोमीटरांहून अधिक जावे लागते. सकाळचे विमान असेल तर आदल्या रात्रीचा मुक्काम नागपुरातच. पावसाळ्यात पर्लकोटा नदीचा पूर पुलावर चढला की गावाचा संपर्कच तुटतो, आणि काढलेल्या तिकिटाचा उपयोग उरत नाही. या भागाची प्रवासवेळ किलोमीटरांवरून काढणे म्हणूनच फसवे आहे. नदीची पातळी आणि गाडीची वेळ आधी विचारावी.

चंद्रपूरजवळ मोरवा येथे लहान धावपट्टी आहे. राजुरा तालुक्यात मूर्ती-विहीरगाव येथे नव्या विमानतळाचा प्रस्ताव पुढे आला, पण वनजमीन व वाघांचा भ्रमणमार्ग या प्रश्नांवर तो अडला. वाघांचा रस्ता तोडून माणसांचा वेळ वाचवावा का, हा प्रश्न या जिल्ह्यांत टाळता येण्यासारखा नाही. गडचिरोलीत (जिल्हा स्थापना 26 ऑगस्ट 1982) आकाशमार्ग म्हणजे हेलिकॉप्टर. नक्षलविरोधी मोहिमेत जखमी झालेल्या जवानांना नागपूरला हलवायला आणि निवडणुकीत मतदान पथके दुर्गम केंद्रांवर पोचवायला ते वापरतात. गडचिरोली ते भामरागड सरळ अंतर सुमारे 105 किमी., रस्त्याने ते 150 किमी.हून अधिक.

गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या सिरोंचाची गोष्ट वेगळी. तेथून हैदराबादचा विमानतळ सरळ रेषेत सुमारे 240 किमी., तर नागपूरचा सुमारे 265 किमी. गोदावरीवरील पुलाने कालेश्वरमकडे उतरून हैदराबादचा रस्ता धरता येतो.