वसतिगृह आणि भाषा : मराठवाड्यातील निवासी माध्यमिक शिक्षणाचा एक धागा

शिक्षणाचा इतिहास लिहिताना आपण बहुधा अभ्यासक्रम, परीक्षा आणि अनुदान यांचा मागोवा घेतो. विद्यार्थी वर्गात काय शिकला हे त्यावरून कळते. वर्ग सुटल्यावर तो कोणाबरोबर जेवला, कोणत्या भाषेत भांडला आणि रात्री दिव्याखाली काय वाचीत बसला, याची नोंद त्या कागदांत सहसा सापडत नाही. निजामी राजवटीतील मराठवाड्यापुरते बोलावयाचे झाल्यास, ही दुसरी बाजूच अधिक महत्त्वाची होती असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. मराठी ही येथे घरची बोली होतीच. ती विचाराची व सार्वजनिक व्यवहाराची भाषा होण्याचे कार्य शाळेच्या वर्गापेक्षा वसतिगृहात अधिक झाले.

या विधानाचा अर्थ ध्यानात येण्यासाठी भोकरसारखे गाव डोळ्यांसमोर आणावे. भोकरच्या पूर्वेस थोड्याच अंतरावर तेलुगू भाषेचा मुलूख सुरू होतो. शेजारचा मुधोळ तालुका तर १९५६ पर्यंत नांदेड जिल्ह्यातच होता आणि राज्य पुनर्रचनेत तो आंध्र प्रदेशात गेला. अशा पट्ट्यातील मुलाच्या कानावर बाजारात तेलुगू, कचेरीत उर्दू, मोहल्ल्यात दखनी आणि घरात 'काय करायलास', 'मी जायलो' अशा वळणाची मराठी पडत असे. प्राथमिक वर्गांत मातृभाषेला काही जागा असे. पुढे मात्र 'वस्तानिया' आणि 'फौकानिया' या पायऱ्यांवर उर्दूचे राज्य सुरू होई. मिडल स्कूल व हायस्कूल यांची ही नावे जुन्या पिढीच्या तोंडी पुष्कळ काळ टिकून होती. इतिहास, भूगोल आणि गणित मुलाला परक्या भाषेत भेटत, आणि त्याच्या स्वतःच्या भाषेत त्या विषयांवर बोलण्यास शब्दच उरत नसत.

उस्मानिया विद्यापीठाविषयी येथे न्यायाने बोलले पाहिजे. १९१७ च्या फर्मानाने भाषांतर विभाग व विद्यापीठ यांची योजना झाली आणि १९१८ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षण देशी भाषेतून देता येते, वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा तीत शिकविता येते, हा सिद्धान्त त्या विद्यापीठाने इतर भारतीय विद्यापीठांच्या आधी अमलात आणून दाखविला. तत्त्व बिनतोड होते. वैगुण्य एवढेच, की ती देशी भाषा बहुसंख्य प्रजेची नव्हती. संस्थानातील सुमारे चौथा हिस्सा लोक मराठी बोलत आणि त्याहून कितीतरी अधिक तेलुगू.

या पार्श्वभूमीवर १९२१ साली आजच्या धाराशिव जिल्ह्यातील हिप्परगा या खेड्यात व्यंकटराव देशमुख व अनंतराव कुलकर्णी यांनी राष्ट्रीय शाळा काढली. 'राष्ट्रीय' हे विशेषण त्या काळी विशिष्ट अर्थाने वापरले जाई : सरकारी अनुदान व सरकारी नियंत्रण यांच्या बाहेरची ती राष्ट्रीय. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर यांचे तळेगावचे समर्थ विद्यालय याच अर्थाने राष्ट्रीय होते आणि त्याच कारणास्तव ब्रिटिश सरकारने १९१० मध्ये ते बंद पाडले. (आज पाट्यांवर सर्रास दिसणारे 'आंतरराष्ट्रीय' हे विशेषण कशाच्या बाहेरचे आहे याचा बोध होत नाही, शब्दाचा अर्थ त्याच्या विरुद्धार्थी शब्दावर किती अवलंबून असतो, याचे हे चांगले उदाहरण ठरावे.)

हिप्परग्यास विद्यार्थी व शिक्षक एकत्र राहत. १९२९ मध्ये तेथे व्यंकटेश खेडगीकर नावाचे तरुण शिक्षक आले. कन्नड मुलखातील सिंदगी येथे जन्मलेले, ना. म. जोशी यांच्याबरोबर कामगार चळवळीत काम केलेले हे गृहस्थ १९३० च्या जानेवारीत संन्यास घेऊन स्वामी रामानंद तीर्थ झाले. बाबासाहेब परांजपे हे त्यांचे तेथील सहकारी. १९३५ च्या सुमारास ही मंडळी अंबाजोगाईस, म्हणजे तेव्हाच्या मोमिनाबादेस गेली आणि योगेश्वरी संस्थेच्या शाळेत तोच प्रयोग त्यांनी पुढे चालविला. १९३८ मध्ये स्वामीजींनी शिक्षकाचा पेशा सोडला आणि बंदी घातलेल्या स्टेट काँग्रेसच्या सत्याग्रहात उडी घेतली.

चरित्रकार या शेवटच्या वाक्यापासून पुढे जातात. आपणास मात्र मागे वळून पाहावयाचे आहे. निरनिराळ्या तालुक्यांतून आलेली मुले एका छपराखाली राहू लागली म्हणजे प्रत्येकाची बोली दुसऱ्यास थोडी हास्यास्पद वाटते, आणि त्या थट्टेतूनच एक मधली भाषा तयार होते. त्या मधल्या भाषेत प्रार्थना, वृत्तपत्रवाचन आणि वादविवाद होऊ लागले, की ती घरगुती राहत नाही. भाषाशास्त्रात ज्यास बोलींचे समतलन म्हणतात ते हेच होय. मात्र अशा ठिकाणी ते हुकमाने घडत नाही; सहवासाने घडते. निवासी शाळेचे हे कार्य कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नव्हते आणि म्हणूनच कोणत्याही खात्याला ते थांबविता आले नाही.

सत्तेला हे उशिरा उमगले. नोव्हेंबर १९३८ मध्ये औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजातील आणि हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांतील विद्यार्थ्यांनी प्रार्थनेत 'वंदे मातरम्' म्हटले. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थी हटले नाहीत, आणि शेकडोंना शिक्षणास मुकावे लागले. पुढे कुलगुरू टी. जे. केदार यांच्या नागपूर विद्यापीठाने त्यांच्यासाठी दार उघडले. तेथे गेलेल्यांत पी. व्ही. नरसिंह राव होते. हा संघर्ष वर्गात पेटला नाही, वसतिगृहाच्या प्रार्थनागृहात पेटला, ही गोष्ट इतिहासकारांनी नोंदविली आहे. तिच्या कारणाचा विचार मात्र फारसा झालेला नाही. वर्गाची भाषा ठरविणे सरकारच्या हाती होते. प्रार्थनेची भाषा ठरविण्याचा अधिकार आपला आहे असे विद्यार्थ्यांनी गृहीत धरले होते.

ही कथा येथेच थांबविली तर ती अपुरी राहील, कारण 'एका छपराखाली' हे शब्द सर्वांना लागू नव्हते. मराठी मुलखात वसतिगृहे दीर्घकाळ जातवार होती. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांसाठी बोर्डिंगे उघडली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे बोर्डिंग सुरू केले. मराठवाड्यात या बाबतीत खरा पालट घडला तो निजामशाहीच्या अस्तानंतर, डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले तेव्हा. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय या नावाने प्रसिद्ध झाले. नागसेनवनातील वसतिगृहांत खेड्यापाड्यांतून आलेली दलित मुले प्रथमच पोटभर जेवून, दिव्याच्या उजेडात एकमेकांस आपले लेखन वाचून दाखवू शकली. गंगाधर पानतावणे यांचे 'अस्मितादर्श' १९६० च्या दशकाच्या अखेरीस याच परिसरातून निघाले. हिप्परग्याच्या शाळेत बोली प्रमाणभाषेकडे सरकत होती. येथे बोली आपल्या खुणांसह छापील पानावर आली. माझ्या मते भाषेच्या दृष्टीने हे अधिक कठीण काम होते.

नवोदय विद्यालयांपर्यंत येताना दिशा पालटते. १९८५-८६ मध्ये झज्जर व अमरावती येथे पहिली दोन विद्यालये निघाली. नांदेड जिल्ह्याचे विद्यालय बिलोली तालुक्यात शंकरनगर येथे आहे. किमान पाऊणशे टक्के जागा ग्रामीण मुलांस, एकतृतीयांश मुलींस, आणि शिक्षण व निवास यांचा खर्च शासनाचा, ही व्यवस्था हिप्परग्याच्या चालकांना स्वप्नवत वाटली असती. माध्यम सातवी-आठवीपर्यंत मातृभाषा, पुढे गणित-विज्ञानास इंग्रजी व सामाजिक शास्त्रांस हिंदी. शिवाय नववीत तीस टक्के विद्यार्थी वर्षभरासाठी अन्य भाषिक प्रदेशातील विद्यालयात पाठविण्याची योजना आहे. कुर्ट हान यांच्या कल्पनेतून १९६२ मध्ये वेल्समध्ये अटलांटिक कॉलेज उभे राहिले आणि १९९७ मध्ये त्याच परिवारातील महिंद्र महाविद्यालय आपल्या मुळशीच्या डोंगरात आले. तेथे सोळा ते एकोणीस वयाचे नाना देशांचे विद्यार्थी दोन वर्षे एकत्र राहतात. नवोदयची अदलाबदल ही त्याच विचाराची भारतीय, आणि पुष्कळच स्वस्त, आवृत्ती म्हणता येईल.

परंतु एक भेद उरतो. बिलोलीचा मुलगा आज वसतिगृहात मराठीत भांडतो आणि रसायनशास्त्र इंग्रजीत शिकतो. ते रसायनशास्त्र मराठीत भांडण्याइतके त्याच्या जिभेवर येत नाही. भोकरपासून फार दूर नसलेल्या बासर येथे २००८ पासून दहावीनंतरच्या ग्रामीण मुलांसाठी सहा वर्षांचे निवासी तंत्रशिक्षण आहे. तेथेही तेलुगू वसतिगृहात आणि इंग्रजी वर्गात, अशीच वाटणी आहे. फौकानियातील मुलाचीही अवस्था नेमकी हीच होती. फरक इतकाच, की त्याच्यावर उर्दू राजाने लादली होती आणि आजच्या मुलाच्या पालकांनी इंग्रजी स्वतः मागून घेतली आहे.