आई आणि बाळ एकाच कक्षात: एका विचाराचा इतिहास

एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. बाळंतपणाला दोन आठवडे झाले आहेत. आईला झोप नाही, ती असंबद्ध बोलते, हे बाळ माझे नाहीच असे म्हणते. प्रसूतीनंतरचा असा तीव्र मनोविकार हजारात एक-दोन स्त्रियांना होतो आणि उपचारांनी बहुतेक जणी बऱ्या होतात. पण आईला रुग्णालयात ठेवायचे, तर बाळाने कुठे राहायचे?

दीर्घकाळ याचे उत्तर एकच होते: आई मनोरुग्णालयात, बाळ नातेवाइकांकडे. हेतू बाळाच्या सुरक्षिततेचा होता. मात्र आई बरी होऊन परतेपर्यंत अंगावरचे दूध तुटलेले असे, बाळाला तिची सवय उरलेली नसे आणि आपल्याला बाळ सांभाळता येईल हा तिचा विश्वासही गेलेला असे.

इंग्लंडमध्ये हे चित्र बदलू लागले. १९४८ साली कॅसल रुग्णालयात टॉमस मेन यांनी एका आईला तिच्या लहान मुलासह दाखल करून घेतले. १९५१ साली जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात आईपासून ताटातूट झाल्याचे मुलांवरील परिणाम मांडले. १९५६ साली वेस्ट मिडलसेक्स रुग्णालयात ग्वेन डग्लस यांनी प्रसूतीनंतर तीव्र मनोविकार झालेल्या मातांनाही बाळांसह ठेवले.

एक गोष्ट लक्षात घ्या. एकत्र ठेवणे म्हणजे आजारी आईच्या हाती बाळ सोपवून मोकळे होणे नव्हे. परिचारिका सोबत असतात. दूध पाजणे, अंघोळ, रात्रीची जाग अशी जबाबदारी आईकडे टप्प्याटप्प्याने परत येते.

आपल्याकडे १९५०च्या दशकात अमृतसरला डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या कुटुंबीयांना रुग्णालयाच्या आवारात तंबूंत राहू दिले होते. २००९ साली बंगळूरुच्या निम्हान्समध्ये पाच खाटांचा माता-बाल कक्ष सुरू झाला. तेथे आईसोबत घरातील एखादी स्त्रीही राहते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७च्या कलम २१ने तर नियमच केला: तीन वर्षांखालील मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून एरवी वेगळे करायचे नाही. मुलाला धोका असेल तर वेगळे करता येते, पण त्या निर्णयाचा दर १५ दिवसांनी फेरविचार करावा लागतो.

म्हणजे पूर्वी ताटातूट हा नियम होता, आता तो अपवाद आहे आणि त्याचे कारण द्यावे लागते. मात्र हा हक्क प्रत्यक्षात यायचा, तर खाटेशेजारी पाळण्याला जागा आणि लक्ष ठेवायला माणूस हवा. तुमच्या जिल्ह्यातील रुग्णालयात ही सोय आहे का? चौकशी करून पाहा.